मानपत्रातली चौथी दुरुस्ती

सिंगापुरातल्या मराठी मंडळाला गेल्या एकतीस वर्षांत जी जी माणसं थोर वाटली, त्यांना कागदावर थोर करण्याचं काम क्लेमेंटीच्या शैला निजसुरे यांनी केलं. माणसांनी आपापल्या परीनं काहीतरी केलंच असणार, नाही असं नाही. पण मानपत्र शैलाताईंच्या हातचं. आजवर चौसष्ट झाली. दर कार्यक्रमात कुईं कुईं करणारा माइक गप्प करून देणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी 'नादब्रह्माचे मूक उपासक' केलं होतं. गृहस्थांनी म्हणे घरी जाऊन बायकोला त्याचा अर्थ विचारला. 'व्रतस्थ', 'ऋजू' आणि 'निगर्वी' हे तीन शब्द सगळ्यांनाच मिळायचे. 'अजातशत्रू' मात्र त्या राखून ठेवायच्या, कमिटीत एकूण एक माणसाशी भांडून झालेल्यांसाठी.

बाई स्वतः अगदी साध्या. १९९३ साली नवऱ्याबरोबर आल्या. श्रीनिवासराव शिपयार्डात इंजिनियर, आणि शैलाताईंनी चोवीस वर्षं एका बालवाडीत चिनी, मलय, तमिळ अशी सर्वधर्मीय नाकं पुसली. सहा वर्षांपूर्वी श्रीनिवासराव गेले. मुलगा विक्रांत टोरांटोला. एवढ्या मोठ्या फ्लॅटमध्ये एकट्यानं काय करायचं, म्हणून त्यांनी मधली खोली भाड्यानं द्यायला सुरुवात केली. युनिव्हर्सिटी जवळ, त्यामुळे भाडेकरूंना तोटा नव्हता. पण पुण्याहून आलेली हुशार पोरं सिंकमध्ये भांडी साठवून पीएचडी करायची, आणि शैलाताईंचं टाळकं सटकायचं.

चार वर्षांपूर्वी खोली बघायला एक उंच, पांढऱ्या केसांचा जर्मन माणूस आला. पासपोर्टावर नाव योआखिम फ्राइहेर फॉन उल्मेनरोडे. एका खासगी संस्थेत जर्मन शिकवायचे. शैलाताईंनी ते 'फ्राइहेर' काय प्रकरण आहे म्हणून विचारलं.

"बॅरनसारखा किताब असतो," ते म्हणाले. "आता नुसता नावात उरलाय. त्याला काही अर्थ नाही."

"म्हणजे तुम्ही सरदार घराण्यातले."

"तसं म्हणता येईल."

"जहागीर वगैरे?"

"थोरल्या भावाकडे आहे."

आता बोला! हे उत्तर शैलाताईंना परदेशातून आल्यासारखं वाटलंच नाही. त्यांनी लगेच चहा टाकला.

"आणि त्याआधी काय करायचात?"

"सैन्यात होतो. कर्नल. आता नाही. मला काढून टाकलं."

एवढं बोलून त्यांनी खोलीतली खिडकी उघडून, लावून पाहिली आणि ती नीट लागते असं सांगितलं. शैलाताईंना माणूस आवडला. वयस्क पुरुषाला नुसतं नावानं हाक मारणं त्यांना जन्मात जमलं नसतं, म्हणून त्या 'कर्नल' म्हणू लागल्या. कर्नलांनी दोनदा सांगून पाहिलं की तो हुद्दा आता आपला नाही. "मान काय असा कागदानं जातो होय," असं म्हणून शैलाताईंनी विषय संपवला. ते मात्र पहिल्या दिवसापासून 'मिसेस निजसुरे' असा स्वच्छ उच्चार करायचे. विक्रांतच्या बायकोला लग्नाला आठ वर्षं होऊनही तो जमलेला नव्हता.

भाडेकरू म्हणून कर्नल इतके चांगले निघाले की शैलाताईंना सुरुवातीला भीतीच वाटली. घरात बीफ चालणार नाही, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात कर्नल गंभीर चेहऱ्यानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. संस्थेच्या पार्टीत बीफचं सॉसेज असणार आहे, ते घराबाहेर खाल्लं तर नियमात बसतं का, हे त्यांना विचारायचं होतं. शैलाताई म्हणाल्या, बाहेर काय वाट्टेल ते खा हो. त्यांनी ते लेखी मागितलं नाही, एवढंच. लिफ्टपासूनचा कॉरिडॉर झाडायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. शेजारच्या गोह आंटींना वाटलं, टाउन कौन्सिलनं आता सफाईला जर्मन माणसं ठेवली.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये एक दिवस कर्नल सकाळी दहा वाजता गडद रंगाचा लोकरी कोट आणि टाय घालून डायनिंग टेबलाशी येऊन बसले. बाहेर चौतीस डिग्री. पंखासुद्धा लावला नव्हता. शैलाताई दोनदा आत-बाहेर करून गेल्या आणि तिसऱ्यांदा राहवेना म्हणून समोर बसल्या. तेव्हा कळलं की त्या दिवशी त्यांच्या बायकोला, हेल्गाला, जाऊन तीन वर्षं होत होती. दरवर्षी तासभर ते असे बसायचे. शैलाताईंनी पंखा लावला आणि सगळं काढून घेतलं. बालवाडीत चोवीस वर्षं काढलेली बाई, कुणाच्या पोटातलं काढायचं तिला शिकवावं लागत नाही.

गोष्ट अशी होती. उल्मेनरोडे घराण्याचं स्वतःचं छोटं दफनस्थान आहे, चॅपेलच्या मागे, कुंपण घातलेलं. चारशे वर्षांपासून घराण्यातली माणसं तिथंच. त्यातली निम्मी लढाईत पडलेली. हेल्गा तिथं पुरलेली आहे. तिच्या दगडावर डाव्या अर्ध्या भागात तिचं नाव आहे आणि उजवा अर्धा भाग कोरा ठेवलाय, नवऱ्यासाठी. पण नवऱ्याला लष्करी न्यायालयानं हुद्दा काढून घेऊन हाकलला. एका डोंगराळ परक्या देशात त्यांच्या ताब्यात एक ठाणं होतं. ते त्यांनी बंडखोरांच्या हवाली केलं, एकही गोळी न झाडता. पेपरांनी भित्रा म्हटलं. थोरल्या भावानं, आल्ब्रेख्टनं, घराण्याच्या नियमावर बोट ठेवून सांगितलं की कलंक लागलेल्या माणसाला कुंपणाच्या आत जागा नाही. नाव साफ करून आण, मग ये.

"नाव कसं साफ होणार?" शैलाताईंनी विचारलं.

"फेरविचाराचा अर्ज केलाय. वेळ लागेल."

"पण तुम्ही ठाणं दिलंत कशाला?"

"अकरा दिवस वेढा होता. पाणी संपलं होतं. माझे दोनशे बारा सैनिक होते. सगळे जिवंत घरी गेले."

"सगळे?"

"सगळे सैनिक. हो."

शैलाताईंचे डोळे भरून आले. दोनशे बारा आयांची पोरं घरी आणली या माणसानं, आणि यालाच बायकोशेजारी जागा नाही! त्यांना आल्ब्रेख्टचा असा संताप आला, की तो समोर असता तर त्याला बालवाडीतल्यासारखा भिंतीकडे तोंड करून उभा केला असता. त्या दिवसापासून ती गोष्ट त्यांची स्वतःची झाली. कर्नलांचं नाव साफ व्हायचं आणि ते हेल्गाशेजारी जायचे. सावकाश जायचे, पण तिथंच जायचे. देवापुढे दिवा लावताना विक्रांतनंतर त्या एवढंच मागायच्या.

अखेर गेल्या सप्टेंबरात जर्मनीतल्या वकिलाचं पत्र आलं. सुनावणी जानेवारीत. अर्जाला जोडायला कर्नलांच्या सध्याच्या समाजातल्या प्रतिष्ठेबद्दल दोन-तीन पत्रं हवी होती. ते राहतात तिथले लोक त्यांच्याविषयी काय म्हणतात, असं काहीतरी.

कर्नल पत्र हातात घेऊन म्हणाले, "संस्थेचे प्रिन्सिपल एक देतील. दुसरं कोण देईल माहीत नाही."

शैलाताई हसल्या. त्रेसष्ट मानपत्रं लिहिलेल्या बाईला हा माणूस विचारतो, कोण देईल!

"कर्नल, तुम्ही हे माझ्यावर सोडा," त्या म्हणाल्या.

इथं जर्मन लोकांची आणि आपली समजूत वेगळी पडते. वकिलाला हवं होतं एक पानभर टाइप केलेलं पत्र, खाली सही. शैलाताईंच्या मते साध्या पत्राला कोण विचारतो? मंडळाच्या व्यासपीठावर, शाल-श्रीफळ देऊन, दोनशे लोकांसमोर वाचलेलं मानपत्र, वर मंडळाचं बोधचिन्ह, खाली अध्यक्षांची सही, सोबत फोटो, आणि हे सगळं चौकटीत. जर्मन न्यायाधीश झाला म्हणून काय झालं, चौकट बघितल्यावर माणूस थोडा सरळ बसतोच. इंग्रजी भाषांतर सोबत जोडायचं, की झालं काम.

मंडळाचे सेक्रेटरी उल्हास पुंगोलला राहायचे. आयटीत मॅनेजर होते आणि मंडळही तसंच चालवायचे. शैलाताईंनी फोन केल्यावर त्यांनी आधी कॅलेंडर बघितलं.

"मावशी, दिवाळीच्या स्नेहसंमेलनात स्लॉट आहे. मुलांची किल्ल्यांची स्पर्धा ठेवलीय, त्याला जज हवाच होता. रिअल आर्मी ऑफिसर, तोही युरोपियन सरदार! एक नंबर. पण ते काढून टाकल्याचं काय म्हणालात?"

"अन्याय झालाय त्यांच्यावर. कोर्टात चाललंय."

"मग आपण ते स्किप करू."

शैलाताई चार दुपारी मानपत्र लिहीत बसल्या. नेहमी अर्ध्या तासाचं काम. पण या वेळी 'व्रतस्थ' लिहिलं आणि खोडलं, 'निगर्वी' खरं असूनही खोडलं. चौथ्या दुपारी त्यांना एक वाक्य सुचलं आणि त्या स्वतःच्याच लेखणीवर खूश झाल्या. 'संकटाच्या त्या घडीला ज्यांनी आपल्या एकाही माणसाला मागे ठेवलं नाही, अशा सेनानीचा हा सत्कार.' हे वाचून आल्ब्रेख्टची मान खाली जाईल, एवढी त्यांची खात्री होती. त्यांनी मराठी आणि इंग्रजी दोन्ही प्रती बुकित बातोकच्या प्रिंटरकडून जाड कागदावर छापून घेतल्या. कर्नलांना आधी दाखवल्या नाहीत. मानपत्र सत्कारमूर्तीला आधी दाखवायचं नसतं, अशी पद्धत आहे.

स्नेहसंमेलन रविवारी दुपारी पुंगोलच्या एका कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये होतं. माती जमिनीवर सांडायची नाही असं हॉलवाल्यांनी बजावलं होतं, म्हणून सगळे किल्ले बेकिंग ट्रेमध्ये होते. नर्सरीतून आणलेली कुंडीची माती, वर हळीव उगवलेले, आणि मावळे म्हणून निम्म्या ठिकाणी लेगोचे अंतराळवीर. परीक्षक किल्ल्यांवरून नजर टाकून पाच मिनिटांत उरकतात, असा आजवरचा रिवाज. कर्नल प्रत्येक ट्रेपाशी वाकून, वहीत टिपत पन्नास मिनिटं फिरले. मुलांना विचारत होते, पाणी कुठं आहे? धान्य किती दिवसांचं? आत लढणारे किती आणि न लढणारे किती?

"न लढणारे म्हणजे, अंकल?" उल्हासच्या नऊ वर्षांच्या मैत्रेयीनं विचारलं.

"स्वयंपाकी. धोबी. त्यांची मुलं."

"देअर इज नो धोबी lah," मैत्रेयी सिंगापुरी ठसक्यात म्हणाली. "इट्स अ फोर्ट."

कर्नलांनी ते वहीत लिहून घेतलं. पहिलं बक्षीस त्यांनी सगळ्यांत ओबडधोबड किल्ल्याला दिलं, कारण त्याला मागच्या बाजूनं बाहेर पडायला वाट होती. खरं तर तिथं ट्रे फुटका होता. तीन तीन आठवडे खपून बुरूज घडवलेल्या आया एकमेकींकडे बघत राहिल्या.

मग सत्कार. कर्नलांनी शाल खांद्यावर घेतली आणि नारळ दोन्ही हातांत धरून ताठ उभे राहिले. खाली ठेवायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. शैलाताई पहिल्या रांगेत, श्रीनिवासरावांनी घेतलेली जांभळी पैठणी नेसून. उल्हास माइकवर मराठी वाचत होते, आणि शिष्टाचार म्हणून इंग्रजी प्रत कर्नलांच्या हातात दिली होती. ते नारळ काखेत धरून, चष्मा लावून, बोटानं ओळ धरून सोबत वाचत होते. उल्हासनं मध्ये मध्ये इंग्रजीत स्वतःची भर घातली, माइक हातात आला की त्यांना राहवत नसे. टाळ्या झाल्या. पद्धत अशी की यानंतर सत्कारमूर्तीनं 'मी भारावून गेलो' म्हणायचं आणि मंडळींनी बटाटेवड्याकडे वळायचं.

कर्नलांनी वर्गात करतात तसा हात वर केला. "मला काही दुरुस्त्या करायच्या आहेत," ते इंग्रजीत म्हणाले.

लोक हसले. उल्हासनं हसत माइक पुढे केला.

"पहिली. सेक्रेटरींनी 'जनरल' म्हटलं. मी कर्नल होतो. दुसरी. वेढा तीन महिने नव्हता, अकरा दिवस होता. तिसरी. शत्रूची संख्या दहा हजार नव्हती. आम्ही आठशे मोजले होते."

प्रत्येक दुरुस्तीला हशा वाढत गेला. काय गमत्या माणूस आहे, असं बायका म्हणाल्या. शैलाताईसुद्धा हसत होत्या. हे आकडे त्यांचे नव्हतेच, उल्हासचा पराक्रम होता तो.

"चौथी," कर्नल म्हणाले, आणि त्यांनी कागदावरच्या ओळीवर बोट ठेवलं. "'आपल्या एकाही माणसाला मागे ठेवलं नाही.' हे चुकीचं आहे. मी अकरा माणसं मागे ठेवली."

हशा लगेच थांबला नाही. काही लोकांना वाटलं, हीसुद्धा गंमतच.

कर्नल आधीच्या तीन दुरुस्त्यांच्याच आवाजात बोलत राहिले. ठाण्यात स्थानिक माणसं कामाला होती. बंडखोरांच्या म्होरक्यानं अट घातली की सैनिकांना वाट देतो, आमच्या मुलखातली माणसं इथंच राहतील. कर्नलांनी तीनदा विचारलं, त्यांचं काय कराल? तिसऱ्यांदा तो म्हणाला, त्यांना आम्ही आमच्या माणसांसारखं वागवू. तो आपल्या माणसांना कसं वागवतो हे कर्नलांनी त्या वर्षभरात पाहिलेलं होतं. त्यांनी सही केली. मग त्या अकरा जणांना बोलावून स्वतः सांगितलं, तुमच्या गाड्या दुसऱ्या फेरीत येतील, तोवर भटारखान्यात चहा घ्या.

"दुसरी फेरी नव्हती," कर्नल म्हणाले. "मला माहीत होतं. माझ्या अर्जात लिहिलंय की मी आश्वासनावर विश्वास ठेवला. मी विश्वास ठेवला नव्हता. नूर, स्वयंपाकी. इद्रिस आणि हमीद, दुभाषे, सख्खे भाऊ. झरीना, कपडे धुणारी."

अशी अकरा नावं त्यांनी न अडखळता घेतली, प्रत्येकाच्या कामासकट. "सात मारले गेले. चौघांचं काय झालं ते कळलं नाही. धन्यवाद."

मागच्या रांगेत कुणीतरी सवयीनं टाळी वाजवली, एकच. उल्हासनं माइक परत घेतला. त्यांच्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत पुढचा मुद्दा छापलेला होता, बिचाऱ्यांनी तो वाचला.

"थँक यू, सर. यानंतर अल्पोपहार आहे."

परतीच्या एमआरटी ट्रेनमध्ये शैलाताई आणि कर्नल शेजारी बसले होते. डोबी घॉट स्टेशन मागे पडलं. शैलाताईंना लाज वाटत होती, संताप येत होता, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे अजूनही या माणसाला हेल्गाशेजारी जागा मिळावी असं वाटत होतं.

"तुम्ही मला खोटं सांगितलंत," शेवटी त्या म्हणाल्या.

"तुम्ही विचारलं, सगळे? मी म्हणालो, सगळे सैनिक."

"हा वकिली कावा झाला, कर्नल. मी तुमच्यासाठी रोज दिवा लावत होते. मला तुमचा भयंकर राग आलाय."

"हो. तो बरोबर आहे."

तीन स्टेशनं गेली. मग शैलाताई आवाज खाली आणून म्हणाल्या, "उल्हासनं व्हिडिओ काढलाय, तो मी डिलीट करायला लावते. ते मानपत्र फाडून टाकू. प्रिन्सिपलांचं पत्र आहेच, दुसरं मी साधं लिहून देते. खोली नीट ठेवतात, कॉरिडॉर झाडतात, एवढंच. त्यात खोटं काय आहे? जानेवारी दोन महिन्यांवर आलाय हो. इतकी वर्षं थांबलात."

चौसष्ट मानपत्रं लिहिताना त्यांनी कितीतरी थापा मारल्या होत्या. पण आपण काय करतोय हे नीट ठाऊक असून केलेली ही पहिलीच.

कर्नलांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"वकिलानं ते अर्जात लिहिलं तेव्हा ते कायद्याचं वाक्य होतं," ते म्हणाले. "'स्थानिक कर्मचारी कमांडरच्या अधिकारात येत नव्हते.' अशा वाक्याबरोबर राहता येतं, मी सहा वर्षं राहिलो. तुम्ही त्याच्या जागी 'आपली माणसं' असं लिहिलंत. ते वाचल्यावर मला नूर दिसला. तुम्ही फार चांगलं लिहिता, मिसेस निजसुरे."

एकतीस वर्षांत शैलाताईंच्या लिखाणाचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि ते ऐकून त्यांना रडू फुटलं. समोर बसलेल्या शाळकरी मुलीनं फोनमधून मान वर करून पाहिलं आणि टिश्यू पुढे केला.

सोमवारी सकाळी कर्नलांनी अर्ज मागे घेतल्याचं वकिलाला कळवलं. सोबत चार पानी निवेदन पाठवलं, अकरा नावांचं, आणि त्याची एक प्रत भावालाही. मग चौकटीतून इंग्रजी मानपत्र काढून त्यावर पेन्सिलीनं ती चौथी दुरुस्ती केली आणि ते शैलाताईंपुढे ठेवलं. मंडळाच्या सहीचा कागद आहे, चुकीचा राहू नये, नवीन छापून मिळेल का? शैलाताईंनी उल्हासला फोन लावला. उल्हास म्हणाले, "मावशी, मानपत्रात दोष छापायची पद्धत नाही आपल्यात. कमिटी अप्रूव्ह करणार नाही." ते खरंच होतं. शैलाताई म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवून लिहायला बसल्या.

हे पासष्टावं. यात विशेषण एकही नव्हतं. दोनशे बारा सैनिक घरी आणले, हे होतं. अकरा माणसं मागे ठेवली, हेही होतं, आणि खाली अकरा नावं, कामासकट. अध्यक्षांच्या सहीच्या जागी शैलाताईंनी स्वतःची सही केली. प्रिंटरनं विचारलं, आंटी, हे अभिनंदनाचं आहे की श्रद्धांजलीचं, बॉर्डर कुठली टाकू? शैलाताई म्हणाल्या, बॉर्डर नको.

शुक्रवारी दुपारी त्यांनी तो कागद कर्नलांना दिला. त्यांनी उभ्यानंच सगळी नावं तपासली. एकही चूक नव्हती. मग ते टेबलाशी बसले आणि म्हणाले की भावाचं उत्तर आलंय.

"काय म्हणतो?"

"दगडाचा उजवा भाग तसाच कोरा ठेवणं बरं दिसत नाही, असं म्हणतो. तिथं बायबलमधलं एक वचन कोरून घेणार आहे. येत्या महिन्यात."

शैलाताईंनी तोंडावर हात नेला. आल्ब्रेख्टला द्यायच्या सगळ्या शिव्या त्यांना एकदम आठवल्या, पण त्या देऊन काही होणार नव्हतं. हे त्यांच्याच हातानं झालं होतं, त्यांच्या त्या चौथ्या दुपारच्या वाक्यानं. आणि ते वाक्य परत घ्यावं असंही त्यांना वाटेना.

"मग हेल्गाबाई एकट्याच राहणार तिथं?" त्यांनी विचारलं.

कर्नलांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"ती तशीही सगळा पलंग अडवून झोपायची," ते म्हणाले. "मी बावीस वर्षं कडेला झोपलो."

शैलाताईंना हसू आलं. आणि हसता हसता त्यांनी पाहिलं, तर कर्नल हसत नव्हते.